दोन पंख, एकच आसन

वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळाला लागून स्मिथसोनियन संस्थेचे उडवार-हेझी संग्रहालय आहे. तिथे ‘डिस्कव्हरी’ हे स्पेस शटल आहे, काँकॉर्ड आहे, ध्वनीच्या तिप्पट वेगाने उडणारे ‘ब्लॅकबर्ड’ आहे. या धिप्पाड मंडळींपर्यंत पोचण्याआधीच, आत शिरल्याबरोबर, डोक्यावर एक लाल-पांढरे इवलेसे विमान टांगलेले दिसते, तेही उलटे. एकावर एक दोन पंख, एकाच माणसापुरती जागा आणि पंखांची या टोकापासून त्या टोकापर्यंतची लांबी पाच मीटरच्या आसपास. त्याचे नाव ‘लिटल स्टिंकर’. विशीतल्या बेटी स्केल्टनने १९४८ साली ते विकत घेतले आणि १९४९ व १९५० या दोन्ही वर्षी महिलांची आंतरराष्ट्रीय हवाई कसरतींची स्पर्धा त्यावर जिंकली. दोन खांबांमध्ये, जमिनीपासून जेमतेम दहा फुटांवर बांधलेली फीत विमान उलटे करून प्रोपेलरने कापायची, हा तिचा गाजलेला खेळ. संग्रहालयात ते विमान उलटे का टांगले आहे, हे ती फीत ठाऊक असलेल्याला सांगावे लागत नाही.

हे विमान कुठल्या बड्या कंपनीच्या कारखान्यातून बाहेर पडलेले नव्हते. जॉर्जिया राज्यात वाढलेल्या कर्टिस पिट्स नावाच्या माणसाने महायुद्धाच्या काळात, नोकरी सांभाळून, त्याची कल्पना कागदावर उतरवली. त्या काळी कसरती व्हायच्या त्या ‘वाको’सारख्या मोठ्या, वजनदार बायप्लेनवर, म्हणजे दुपंखी विमानांवर. अंगात ताकद आणायची तर इंजिन मोठे हवे, इंजिन मोठे केले की वजन वाढते, वजन वाढले की पुन्हा आणखी मोठे इंजिन. पिट्सने हे चक्र उलट फिरवले. विमानच लहान आणि हलके केले तर थोडक्या अश्वशक्तीतही ते चपळ राहील, हा त्याचा हिशेब. पहिले ‘पिट्स स्पेशल’ १९४४ साली अवघ्या ५५ अश्वशक्तीच्या इंजिनावर उडाले. ‘लिटल स्टिंकर’ हे त्याचे दुसरे विमान. १९६०च्या दशकात या जातीचे नकाशे हौशी बांधणाऱ्यांसाठी विक्रीला आले आणि कोणाही हुन्नरी माणसाला पिट्स घरी बांधण्याची वाट मोकळी झाली. १९७२ साली फ्रान्समधल्या सालाँ-द-प्रोव्हान्स येथे हवाई कसरतींची जागतिक स्पर्धा झाली. अमेरिकेचा संघ पिट्स घेऊन उतरला आणि सांघिक विजेतेपद घेऊन परतला. पुरुषांत चार्ली हिलार्ड, महिलांत मेरी गॅफनी, दोघेही जगज्जेते ठरले. ज्याचे नकाशे टपालाने मागवता येत, त्या जातीच्या विमानाने सरकारी पाठबळावर पोसलेल्या संघांना मागे टाकले होते.

हौशी माणसाने आपल्या हातांनी बांधायचे एकासनी दुपंखी विमान, हा पुढील पानांचा विषय आहे. त्याकडे वळण्याआधी एका प्रश्नाचा निकाल लावायला हवा. १९३०च्या दशकात विमानउद्योगाने बायप्लेनकडे पाठ फिरवली. लढाऊ विमाने एकपंखी झाली, प्रवासी विमाने एकपंखी झाली. मग घरी विमान बांधणाऱ्यांनी दोन पंख का धरून ठेवले? जुन्या काळाची ओढ, उघड्या कॉकपिटमधला वारा, चामडी टोपी आणि गॉगल, हे सगळे खरेच आहे आणि त्यात कमीपणाचे काही नाही. पण ते अर्धेच उत्तर आहे. उरलेले अर्धे रचनेच्या शास्त्रात आहे, आणि तेच जास्त महत्त्वाचे: बायप्लेन हा गॅरेजात, साध्या अवजारांनी, एकट्यादुकट्या माणसाला पेलेल असा सांगाडा आहे.

त्याचे मूळ रेल्वेच्या पुलात सापडते. ऑक्टेव्ह शानूट हा अमेरिकेतला नावाजलेला रेल्वे आणि पूल अभियंता. मिसुरी नदीवरचा १८६९चा हॅनिबल पूल त्याचाच. उतारवयात त्याला उड्डाणाचे वेड लागले. १८९६ साली मिशिगन सरोवराकाठच्या वाळूच्या टेकड्यांवर त्याने ग्लायडरचे प्रयोग केले, तेव्हा त्यातल्या दुपंखी ग्लायडरला त्याने पुलाच्या कैचीची, म्हणजे प्रॅट ट्रसची, रचना दिली. वर एक पंख, खाली एक पंख, मध्ये उभे खांब आणि कर्णरेषेत ताणलेल्या तारा. राइट बंधूंनी ती उचलली आणि १९०३चे त्यांचे विमान याच रचनेवर उभे राहिले. लोखंडी पुलावरून गाडी जाते तेव्हा प्रत्येक दांडा एक तर दाबला जातो किंवा ताणला जातो, वाकवला सहसा जात नाही. लाकूड आणि पोलाद सरळ ताण-दाब मोठा सोसतात, वाकवल्यावर मात्र लवकर हार मानतात. म्हणून बारीक काड्या आणि तारा यांच्यातून आश्चर्य वाटावे इतकी मजबूत पेटी तयार होते.

एकपंखी विमानाचा पंख बाहेरच्या आधाराशिवाय धडातून सरळ बाहेर निघतो तेव्हा सगळा भार मुळाशी येतो. तिथला मुख्य दांडा, ज्याला स्पार म्हणतात, तो जाडजूड, काटेकोर आणि महाग करावा लागतो. बायप्लेनमध्ये तेच काम दोन आखूड पंख आणि चार-सहा तारा वाटून घेतात. पिट्सचा वरचा पंख अखंड असतो, तरी तो सव्वापाच मीटरच्या घरात. एका मोटारीच्या गॅरेजात तो भिंतीशी टेकवून ठेवता येतो. खालचे दोन पंख तर एका माणसाने काखेत धरून हलवावेत इतके लहान. पंख आखूड असल्याचा फायदा हवेतही मिळतो. वजन मध्याजवळ गोळा झालेले असल्यामुळे विमान स्वतःभोवती पटकन वळते, आणि कसरती करणाऱ्याला हवे असते ते हेच.

याची किंमत मोजावी लागते ती हवेच्या रोधात. खांब, तारा, उघडे कॉकपिट, खाली लोंबणारी चाके, सगळे वारा अडवतात. दोन पंख एकमेकांच्या हवेतही ढवळाढवळ करतात, म्हणून वरचा पंख बहुधा खालच्यापेक्षा थोडा पुढे ठेवतात. वेग दुप्पट झाला की रोध चौपट होतो. ताशी पाचशे किलोमीटरची स्वप्ने पाहणाऱ्या उद्योगाला हा खर्च परवडणारा नव्हता आणि धातूचा पत्रा भार पेलू लागल्यावर त्याने तारा काढून टाकल्या, ते योग्यच झाले. पण रविवारी सकाळी तासभर, ताशी दीड-दोनशे किलोमीटरने उडणाऱ्या माणसाचे गणित निराळे आहे. त्याला कुठे पोचायचे नसते. थोडे इंधन जास्त जळले तरी त्याची तक्रार नसते, पण ज्याला हात घालता येणार नाही असा सांगाडा त्याच्या काहीच कामाचा नसतो.

घरी विमान बांधण्याची परंपरा विमानाइतकीच जुनी आहे. राइट बंधू स्वतःच सायकलीच्या दुकानात काम करणारे हौशी होते. १९२०च्या दशकाच्या अखेरीस मिनेसोटातल्या चेरी ग्रोव्ह गावच्या बर्नार्ड पीटनपोलने फोर्ड मोटारीचे इंजिन बसवून ‘एअर कॅम्पर’ उडवले आणि त्याचे नकाशे ‘फ्लाइंग अँड ग्लायडर मॅन्युअल’ या वार्षिकात छापून आले. शेतकरी, मेकॅनिक, शाळेतली पोरे ते वार्षिक पाहून कामाला लागायची. पण अमेरिकेत विमानांचे कायदे कडक होत गेले, तशी ही वाट अरुंद झाली. महायुद्धानंतर ती पुन्हा उघडावी म्हणून ऑरेगन राज्यातल्या जॉर्ज बोगार्डस यांनी एक अभिनव उपाय केला. ‘लिटल जी बी’ नावाचे घरगुती बांधणीचे विमान घेऊन ते १९४७ साली देशाच्या पश्चिम टोकापासून वॉशिंग्टनपर्यंत उडत गेले आणि अधिकाऱ्यांपुढे उभे राहिले. अर्जविनंत्यांच्या जोडीला अंगणात उभे असलेले, हजारो मैल उडून आलेले विमान हाच त्यांचा पुरावा होता. पुढेही त्यांनी अशा फेऱ्या केल्या. हौशी बांधणीच्या विमानांना ‘एक्सपेरिमेंटल’ या वर्गात अधिकृत जागा मिळाली, त्यात या माणसाच्या चिकाटीचा वाटा मोठा आहे. आज घरी विमान बांधणाऱ्या प्रत्येकाने त्यांचे नाव आठवणीत ठेवावे, अशी त्यांची योग्यता आहे.

१९५३च्या जानेवारीत मिलवॉकी येथे पॉल पोबरेझ्नी यांनी काही मित्रांसह एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन, म्हणजे ईएए, सुरू केली. पहिली काही वर्षे संघटनेचा कारभार त्यांच्या घराच्या तळघरातून चाले. आज तिच्या ऑशकॉश येथील वार्षिक मेळाव्याला दहा हजारांच्या आसपास विमाने येतात. पण या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट १९५०च्या दशकाच्या मध्यात शिकागोत घडली. तिथल्या सभासदांनी ठरवले की सामान्य माणसाला झेपेल असे एक साधे एकासनी बायप्लेन संघटनेनेच आखावे. त्यांनी जुन्या वार्षिकातल्या एका लहान बायप्लेनचा आधार घेतला, धडासाठी पोलादी नळ्या घेतल्या, आणि पहिला नमुना बांधायला दिला तो शाळकरी मुलांना, त्यांच्या शिक्षकांच्या देखरेखीखाली. ‘ईएए बायप्लेन’ १९६० साली उडाले. वर्गात बसून पंख घडवणाऱ्या त्या मुलांनी कोणत्याही पाठ्यपुस्तकाला जमले नसते ते दाखवून दिले: चांगला नकाशा, चांगली देखरेख आणि धीर असेल तर विमान ही आवाक्यातली वस्तू आहे. पुढे पोबरेझ्नींनी ‘अ‍ॅक्रो स्पोर्ट’ हे एकासनी बायप्लेनही शाळांमध्ये बांधता यावे या हेतूनेच आखले. आखणीला हात घातल्यापासून ३५२ दिवसांत, ११ जानेवारी १९७२ रोजी, त्याचा पहिला नमुना उडाला.

मधल्या काळात कॅलिफोर्नियात फ्रँक स्मिथ यांचे ‘मिनीप्लेन’ १९५६ साली उडाले. त्यांच्या निधनानंतर नकाशे विकण्याचे काम घरच्यांनी चालू ठेवले. एका घराने सांभाळलेल्या त्या नकाशांवरून कितीतरी विमाने उभी राहिली.

इंग्लंडची कहाणी जरा निराळ्या वळणाची आहे. केंट परगण्यात लिम्न येथे जे. आर. करी यांनी १९३७ साली ‘करी वॉट’ हे साधेसुधे लाकडी एकासनी बायप्लेन आखले. त्याची दोनच विमाने झाली आणि दोन्ही १९४० साली जर्मन बॉम्बहल्ल्यात त्याच विमानतळावर नष्ट झाली. इथेच गोष्ट संपायची. पण नकाशे उरले होते. १९५०च्या दशकाच्या अखेरीस हॅम्पशायरच्या एका विमान क्लबात विव्ह बेलामी यांनी ते पुन्हा बाहेर काढले, नवी विमाने बांधली आणि वॉट दुसऱ्यांदा जन्माला आले. वेस्टलँड कंपनीचे मुख्य चाचणी वैमानिक हॅरल्ड पेनरोझ यांच्यासारखा माणूस, ज्याने आयुष्यभर नवनवी यंत्रे उडवली, तो स्वतःच्या आनंदासाठी वॉट उडवू लागला आणि त्या विमानावर त्याने ‘एअरीमाऊस’ हे पुस्तक लिहिले. वेस्टलँड हे नाव आपल्याकडेही अनोळखी नाही. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीत भारतीय हवाई दलाची पहिली स्क्वॉड्रन उभी राहिली ती याच कंपनीच्या ‘वापिती’ बायप्लेनवर.

वॉटच्या हाडावरच जॉन आयझॅक्स यांनी आपले विमान चढवले. पूर्वी सुपरमरीन कंपनीत काम केलेले हे गृहस्थ पुढे शाळेत शिक्षक होते. सिडनी कॅम यांनी आखलेले ‘हॉकर फ्युरी’ हे ब्रिटिश हवाई दलातले ताशी २०० मैलांची मर्यादा ओलांडणारे पहिले लढाऊ विमान. अनेकांच्या मते आजवरच्या देखण्या बायप्लेनांत त्याचा क्रमांक वरचा. ते मूळ रूपात घरी बांधणे शक्य नव्हते. आयझॅक्स यांनी त्याची सात-दशांश आकाराची लाकडी प्रतिकृती आखली, ताण-दाबाची गणिते केली आणि ३० ऑगस्ट १९६३ रोजी थ्रक्स्टन येथे ती उडाली. तिचे नकाशे घेऊन पुढे निरनिराळ्या देशांत फ्युरी बांधल्या गेल्या.

एवढी कौतुके झाल्यावर हाताने काम काय करावे लागते, ते जवळून पाहिले पाहिजे. पंखाची एक रिब, म्हणजे पंखाला फुगीर आकार देणारी आडवी बरगडी, घेऊ. जाड सपाट फळीवर रिबचा पूर्ण मापाचा नकाशा चिकटवायचा. रेषेच्या दोन्ही अंगांना लाकडाचे लहान ठोकळे ठोकायचे, की झाला साचा. सांडलेल्या सरसाने रिब फळीलाच चिकटू नये म्हणून वर मेणकागद. स्प्रूसच्या साधारण पाव इंच जाडीच्या काड्या कापून त्या ठोकळ्यांमध्ये बसवायच्या. नाकाशी जिथे वाक तीव्र, तिथली काडी आधी गरम पाण्यात भिजवून वळवून घ्यायची. मधल्या तिरक्या काड्या अशा तासायच्या की टोकाला फट राहता कामा नये. मग प्रत्येक सांध्यावर पातळ प्लायवुडचा तुकडा सरस लावून बसवायचा आणि बारीक खिळ्यांनी दाबायचा. रात्रभर हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी रिब साच्यातून काढून उलट्या बाजूनेही तसेच तुकडे. साचा एकच असेल तर दिवसाला एक रिब, आणि रिबा लागतात डझनांनी. हातात घेतली तर वजन जाणवतही नाही, पण दोन्ही टोके धरून पिळायला गेले की तिचे बळ कळते.

इथे एक सवय अनुभवी बांधणारे कधी सोडत नाहीत. दर वेळी कालवलेल्या सरसाने दोन फालतू तुकडे चिकटवून ठेवायचे आणि सुकल्यावर ते मोडून पाहायचे. लाकूड फाटले आणि सांधा शाबूत राहिला तर सरस चांगला. सांधाच सुटला तर त्या दिवशी केलेले सगळे काम बाद, कितीही सुबक दिसत असले तरी. पूर्वी दुधातल्या केसीनपासून केलेला सरस वापरत. ओल लागली की त्यावर बुरशी धरायची आणि सांधे आतल्या आत कमजोर व्हायचे. आजचे इपॉक्सी सरस त्या मानाने पुष्कळ विश्वासू आहेत.

धड बनते क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाच्या नळ्यांचे. त्यांच्या भिंतीची जाडी बऱ्याच ठिकाणी एक मिलिमीटरही नसते. नळीचे टोक दुसऱ्या नळीच्या गोलाईवर चपखल बसेल असे कानसून घ्यायचे, आधी सगळे सांधे नुसते टाचून घ्यायचे आणि नंतरच पूर्ण वेल्डिंग, तेही एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला. एकाच कोपऱ्यात सलग आंच दिली की सांगाडा वाकतो, आणि वाकलेला सांगाडा आयुष्यभर विमानाला एका अंगाला ओढत राहतो.

त्यानंतर कापड. पूर्वी सुती किंवा लिननचे असे, आता पॉलिएस्टरचे. सांगाड्यावर चिकटवून त्यावर ठरावीक तापमानाची इस्त्री फिरवली की ते आवळते आणि ढोलकीच्या पुडीसारखे टणक वाजते. नुसत्या चिकटवण्यावर भागत नाही. उडताना पंखाच्या वरच्या बाजूला हवा कापड ओढून काढू पाहते, म्हणून लांब सुईने, मेण लावलेल्या दोऱ्याने, प्रत्येक रिबशी ते ठरावीक अंतरावर शिवावे लागते. एक माणूस वरून सुई घालतो, दुसरा खालून परत पाठवतो. घरातली माणसे या कामाला हमखास ओढली जातात. शेवटी रंगाआधी रुपेरी थर द्यायचा, कारण उन्हातले अतिनील किरण कापडाला कुजवतात.

सगळ्यात नाजूक टप्पा ताराजुळणीचा. उडताना भार पेलणाऱ्या तारा वेगळ्या आणि जमिनीवर पंखांचे वजन धरणाऱ्या वेगळ्या. एक आवळली की दुसरीचा ताण बदलतो. आता बहुधा गोल तारांऐवजी चपट्या, प्रवाहाला अनुकूल अशा पोलादी सळया वापरतात. त्यांच्या दोन टोकांना उलटसुलट आटे असतात, त्यामुळे सळई फिरवली की लांबी कमी-जास्त होते. पंख बसवण्याचा कोन, डावी-उजवी समानता, धडाशी काटकोन, हे सगळे ओळंबा आणि कोनमापक घेऊन पुन्हा पुन्हा तपासायचे. घाईने जुळवलेले बायप्लेन पहिल्याच उड्डाणात आपली बांधणी चव्हाट्यावर मांडते.

वजनाचा मोह हाही मोठा शत्रू. जरा जाड गादी, एखादे जास्तीचे मीटर, रंगाचा आणखी एक हात, असे करत करत विमान नकाशापेक्षा जड होते आणि पिट्सने ज्या हलकेपणासाठी एवढा खटाटोप केला तोच हातचा जातो. पूर्ण झालेले विमान तीन काट्यांवर ठेवून वजन घेतात, त्यावरून भारमध्य काढतात. तो मागे सरकलेला असेल तर कितीही सुंदर विमान उडवू नये.

अशा विमानाची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न प्रत्येक देशाला पडला. फ्रान्सच्या आंरी मिन्ये यांच्या ‘फ्लाइंग फ्ली’ने १९३०च्या दशकाच्या मध्यात युरोपभर वेड लावले होते. ज्याला पेटी बनवता येते त्याला विमान बनवता येते, अशी हवा होती. मग अपघात झाले, माणसे गेली, आणि पंखांच्या रचनेतच दोष असल्याचे वाऱ्याच्या बोगद्यातल्या चाचण्यांनी दाखवले. सूर मारल्यावर विमान पुन्हा वर येत नव्हते. बंदी आली. उत्साहाला तपासणीची जोड नसेल तर काय होते, हे त्या प्रकरणाने शिकवले. आज ब्रिटनमध्ये लाइट एअरक्राफ्ट असोसिएशनचे निरीक्षक बांधणीच्या टप्प्याटप्प्यावर काम पाहतात. कापड चढण्याआधी पंख आतून पाहिला जाणे तर अत्यावश्यकच. अमेरिकेत विमानाचा निम्म्याहून अधिक भाग बांधणाऱ्याने शिकण्यासाठी किंवा विरंगुळ्यासाठी स्वतः बांधलेला असावा लागतो. त्यानंतर ठरलेल्या हद्दीत, परंपरेने २५ किंवा ४० तास, एकट्याने चाचणी-उड्डाणे. विमान सगळ्या मर्यादांत कसे वागते, याची नोंद त्या काळात करायची असते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ साली हौशी बांधणीच्या विमानांच्या अपघातांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातली एक गोष्ट विचार करायला लावणारी आहे. २०११ सालच्या २२४ अपघातांपैकी निम्म्याहून अधिक अपघातांतली विमाने मालकाने स्वतः बांधलेली नव्हती, ती दुसऱ्याकडून विकत घेतलेली होती. बांधणाऱ्याला आपल्या विमानाची प्रत्येक नळी आणि प्रत्येक खोड ठाऊक असते. नव्या मालकाला ती तितक्याच कष्टाने शिकून घ्यावी लागते. इंजिन बंद पडणे आणि वैमानिकाचा ताबा सुटणे, ही कारणे त्या अभ्यासात ठळकपणे पुढे आली. म्हणूनच नवे विमान पहिल्यांदा उडवण्याआधी त्याच जातीच्या किंवा तशाच स्वभावाच्या विमानावर सराव करावा, असा आग्रह ईएएसारख्या संघटना धरतात.

आणि लहान बायप्लेनचा स्वभाव सोपा नाही. शेपटीला चाक असल्याने जमिनीवर नाक वर असते आणि समोरची धावपट्टी इंजिनामागे दडते. वैमानिकाला नागमोडी चालवत, आळीपाळीने दोन्ही बाजूंनी डोकावत पुढे जावे लागते. उतरताना बरेच जण वळण घेत घेतच येतात, म्हणजे शेवटच्या क्षणापर्यंत पट्टी एका बाजूने दिसत राहते. विमान आखूड असल्यामुळे चाके टेकल्यावर शेपूट एका अंगाला सरकू लागली तर सावरायला क्षणभराचीच सवड मिळते. पिट्स उडवणाऱ्यांमध्ये हवेतल्या गिरक्यांपेक्षा उतरण्याचीच चर्चा जास्त रंगते.

महाराष्ट्रात घरी विमान बांधण्याचा विषय निघाला की कॅप्टन अमोल यादव यांचे नाव येतेच. मुंबईत कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधले. २०१६च्या फेब्रुवारीत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांपुढे आले आणि २०१७ साली त्याची अधिकृत नोंदणी झाली. त्यांचे विमान एकपंखी आणि मोठे, या विषयाशी त्याचे जातकुळीचे नाते नाही. पण गच्चीवर विमान उभे राहू शकते आणि शासनदरबारी त्याला क्रमांक मिळू शकतो, हे त्यांनी करून दाखवले, ही गोष्ट लहान नाही. इथे कोणी एकासनी बायप्लेनचा विचार करत असेल तर अडचणीही नीट पाहाव्यात. सिटका स्प्रूस, विमानाच्या दर्जाच्या नळ्या, सळया, इंजिन, बहुतेक सगळे बाहेरून मागवावे लागते. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात लाकडातली ओल आणि सरसाचा सुकण्याचा वेळ यांवर कडक नजर ठेवावी लागते. आणि उडवण्यासाठी हवाई पट्टी व परवानगी, हा सगळ्यांत लांबचा पल्ला.

बांधायला घ्यायचे कुठून, याबद्दल जाणकारांचे बऱ्यापैकी एकमत आहे: शेपटीपासून. रडर आणि एलिव्हेटर हे भाग लहान, थोड्या नळ्यांचे. वेल्डिंगचा हात त्यावर बसतो, आणि बिघडलेच तर फारसे साहित्य वाया जात नाही. ते भाग मनासारखे झाले की पंखांच्या रिबा घ्याव्यात, आणि धडाच्या मोठ्या सांगाड्याला शेवटी हात घालावा. पुढील प्रकरणे याच क्रमाने लावली आहेत. पहिले प्रकरण रडरच्या नळ्या कापण्याचे आहे.